अंगठा

गुरुवारी दुपारी मोंतेविदेओहून पेटी येते.
मी ती खोकल्याच्या औषधांमागच्या कपाटात ठेवते, कुलूप लावते
आणि दहा मिनिटांत सगळ्या पायसांदू गावाला कळतं.
कसं, ते मी विचारत नाही.

रांगेत संत्र्यांच्या वखारीतल्या बायका, बगलेत थर्मास,
आणि नगरपालिकेतला तो ढेरपोट्या कारकून,
अजूनही टोपी डोळ्यांवर ओढून येणारा,
जणू कायदा झाल्याचं त्याच्या आईला कुणी सांगितलेलं नाही.
नाव विचारायचं नाही. काचेवर अंगठा ठेवायचा.
दिवा हिरवा झाला की पाच ग्रॅमची पुडी.

वाल्देमारचा दिवा तांबडाच होतो.
एकाहत्तर वर्षांचा गवंडी.
पोस्टात नोंद केली तेव्हा चार रेषा उरल्या होत्या,
त्याही चुन्यानं खाल्ल्या.
"पुसून ठेवा." तांबडा.
"जरा दाबून." तांबडा.
"डॉक्टरीणबाई, शहात्तर साली
हाच अंगठा एका झटक्यात पटला होता त्यांना.
काडेपेटीत मावेल एवढा पाला होता खिशात.
दहाही बोटं शाईत बुडवली, एकेक करून,
बाळाची मोजावीत तशी.
तेरा महिने. परत आलो
तर घरचं कुत्रं भुंकलं माझ्यावर."

रांग हसते. मीही हसते.
मग नियम सांगते. नियम सांगताना
माझा आवाज कुणा दुसरीचाच वाटतो.

मला तर बँकेनंच अंगठा दाखवला.
खातं बंद. अमेरिकेतल्या कुठल्याशा कलमाला
आमच्या पुड्यांचा वास सोसत नाही.
तेव्हापासून रात्री शटर पाडून
मी ऍस्पिरिनच्या खोक्यात नोटा मोजते,
चोरासारखी,
पूर्ण कायदेशीर.

ओफेलिया रांग पांगल्यावर येते.
तीस वर्षं भूगोल शिकवला तिनं, माझ्याही मुलीला.
तिचा नाउएल सतराव्या वर्षी खोलीत गेला
तो अजून पुरता बाहेर आलेला नाही.
भिंतीतून कुणी नाव घेतं म्हणतो.
ती बोटं मोडत नाही. मोडली असती तर सोपं गेलं असतं.
"तो घाटावरच्या पोरांकडून घ्यायचा," मी एकदा म्हटलं,
"अठराच्या आतल्याला मी कधीच…"
"ठाऊक आहे गं. पण तेव्हा मला म्हणता यायचं,
हे वाईट आहे, बघ, पोलीस धरतात.
आता तुझ्या दारावर हिरवा क्रॉस लागलाय."

संसदेकडे उत्तर होतं: तस्कर उपाशी मरतील.
मेले नाहीत. जरा रोडावले.
पाद्रीबाबांकडे होतं: पिढी बुडेल.
बुडाली नाही. त्या वर्षी नदी चढली,
तेव्हा खालच्या आळीतली घरं तेवढी बुडाली.
माझ्याकडे नव्हतं.
मी तिला तिच्या झोपेच्या गोळ्या दिल्या.
अकरा वर्षं देते आहे. चिठ्ठीवर सही असली की पुरे,
काचेवर काही ठेवावं लागत नाही.

परवाच्या गुरुवारी वाल्देमारचा दिवा पुन्हा तांबडा झाला.
त्याच्यामागे वखारीतली एल्विरा होती.
तिनं अंगठा ठेवला, पुडी घेतली,
आणि दारात त्याच्या कोटाच्या खिशापाशी तिचा हात
जरा जास्त वेळ रेंगाळला.
मी पाठ फिरवून खोकल्याच्या बाटल्या सरळ करत होते.
बराच वेळ लागला त्या बाटल्यांना.

वळले तेव्हा तो समोरच्या बाकावर बसून ओढत होता,
आणि गोळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन
बाकाच्या दुसऱ्या टोकाला ओफेलिया.
वारा तिच्याकडे होता.
त्यानं टोपी काढून धूर दुसरीकडे वारला.
ती काहीतरी म्हणाली. तो काहीतरी म्हणाला.
काचेतून ऐकू आलं नाही.
ती उठली नाही, एवढं मात्र मी पाहिलं.
मग गिऱ्हाईक आलं, पोराच्या तापाचं औषध मागायला.